पाळणाघर: माणसे चोख, जागा अपुरी
आमची दहा महिन्यांची मुलगी जाते त्या पाळणाघराची जमेची बाजू म्हणजे तिथली माणसे. तीन तान्ह्या बाळांमागे एक ताई असून ती सहसा बदलली जात नाही, त्यामुळे मुलीला तिचा लळा लागला आहे. डायपर बदलताना ताई तिच्याशी बोलते, तिच्या हुंकारासाठी थांबते आणि मगच पुढचे वाक्य उच्चारते. भाषा रुजते ती अशाच देवाणघेवाणीतून, भिंतीवरच्या रंगीत तक्त्यांतून नव्हे. बाळांना उशीविना, सपाट व घट्ट गादीवर, पाठीवरच झोपवतात. जागा मात्र अपुरी आहे. रांगणारी आणि पळणारी मुले एकाच खोलीत ठेवणे मला पटत नाही. शुल्काची आठवण वेळेवर येते, दिवसभराची नोंद मागितल्यावरच मिळते.