कमोडोर ६४ ठीक, पण तो १५४१ ड्राइव्ह!

कमोडोर ६४ या १९८० च्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरची ओळख करून देत नाही. ६४ के मेमरी, सिड या साउंड चिपचा आवाज, निळा पडदा, सगळं तुम्हाला तोंडपाठ असणार. इथे न्यू जर्सीत जुन्या बाजारात घेतला, बरेच महिने वापरतोय, आणि कॉम्प्युटरबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे १५४१ फ्लॉपी ड्राइव्हची. विकणाऱ्याने 'चालू स्थितीत' म्हणून गळ्यात मारला. स्वतः फॉरमॅट केलेल्या फ्लॉप्या वाचायचा, बाहेरची एकही नाही. म्हणजे हेडची, फ्लॉपी वाचणाऱ्या भागाची, अलाइनमेंट गेलेली. फोन केला तर म्हणे, "दिवा लागतोय ना?" पैसे परत मिळाले नाहीतच.

हा या ड्राइव्हचा जुनाच रोग. कॉपी प्रोटेक्शनसाठी फ्लॉपीवर मुद्दाम पेरलेल्या चुका लागल्या की हेड मागे जाऊन खडखड आपटतं, आणि असं आपटून आपटून जागेवरून सरकतं. शेवटी हेड सरकवणाऱ्या स्टेपर मोटरचे स्क्रू सैल करून ती केसभर फिरवली, तेव्हा बाहेरच्या फ्लॉप्या वाचायला लागला.

आता किंमत बघा. १९८२ मध्ये कमोडोर ६४ आला ५९५ डॉलरला आणि हा ड्राइव्ह जवळपास ४०० ला! पुढे प्रतिस्पर्धी कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सशी किमतीची मारामारी झाली आणि १९८३ च्या मध्यापर्यंत कॉम्प्युटर २०० च्या आसपास उतरला. कमोडोरचा स्वतःचा चिपचा कारखाना होता, त्यांना ते झेपलं. टेक्सासने त्याच ऑक्टोबरात घरगुती कॉम्प्युटरचा धंदा बंद केला. १९८३ मध्ये कमोडोर कुठलाही जुना कॉम्प्युटर किंवा व्हिडिओ गेम दिल्यावर १०० डॉलर परत देत होती. काही दुकानदार ६४ सोबत टायमेक्स सिंक्लेअर १००० हा छोटा कॉम्प्युटर दहा डॉलरला द्यायचे, तो तसाच कमोडोरला पाठवायचा आणि उरलेले नव्वद खिशात. ही ऑफर आपल्या माणसांसाठीच काढली असावी.

ड्राइव्हऐवजी स्वस्तात टेप रेकॉर्डर घ्यावा, तर तोही कमोडोरचाच लागतो, घरातला चालत नाही. इंग्लंडात सिंक्लेअरचा ४८ के स्पेक्ट्रम कॉम्प्युटर १७५ पौंडांना मिळायचा आणि घरातला साधा कॅसेट प्लेअर जोडला की काम सुरू. हे मला अजून खुपतं.

आणि ४०० डॉलर घेऊन ड्राइव्हचा वेग काय, तर सेकंदाला तीनशे-चारशे बाइट. बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी मोकळी असलेली ३८,९११ बाइट भरायला दीड-दोन मिनिटं. कमोडोरच्याच आधीच्या व्हिक-२० कॉम्प्युटरच्या एका चिपमध्ये दोष होता, म्हणून एकेक बिट सॉफ्टवेअरने ढकलायची पद्धत आली. तीच ६४ मध्ये राहिली, वर व्हिडिओ चिप प्रोसेसरला मधेमधे थांबवते म्हणून आणखी हळू केली.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे देणार होतो. मग ड्राइव्ह पुन्हा उघडला. आत स्वतःचा ६५०२ प्रोसेसर, २ के रॅम, १६ के रॉम, स्वतःचा पॉवर सप्लाय. म्हणजे ४०० डॉलरला दुसरा कॉम्प्युटरच मिळत होता, फक्त कीबोर्ड नसलेला. कॉम्प्युटर आणि ड्राइव्ह मिळून हजाराच्या आत, तर अ‍ॅपल टू ड्राइव्हशिवायच १,३०० च्या घरात. तेव्हा महाग म्हणणं मागे घेतो. हळू म्हणणं घेत नाही. एपिक्सचं फास्टलोड कार्ट्रिज लावलं की वेग सुमारे पाचपट होतो, म्हणजे जोडणाऱ्या तारेचा दोष नाही, आळस कंपनीचा.

फ्लॉपीच्या दुसऱ्या कडेला खाच पाडून ती उलटी घाला, मागची बाजूही वापरता येते. मी प्रत्येक फ्लॉपीला पाडली आहे.

पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, पाठवून दे. अमेरिकन मशीन ११० व्होल्टचं, चित्र एनटीएससी, म्हणजे अमेरिकन टीव्हीच्या पद्धतीचं. तिकडे त्याला ट्रान्सफॉर्मर लागेल आणि तसा टीव्हीही. पाठवणार नाही, कुरियरच ड्राइव्हपेक्षा महाग पडतंय. कॉम्प्युटरला साडेचार तारे, ड्राइव्हला तीन, विकणाऱ्याला एकही नाही.