सहावी ते आठवीचा सायन्स प्रोजेक्ट बॉक्स: एक अख्खी टर्म वापरल्यावर

आधीच सांगते, मी सातवीला विज्ञान शिकवते आणि हा बॉक्स वर्गात वापरला, घरी एकट्या मुलासाठी नाही, त्यामुळे तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण या प्रकारचे बॉक्स बहुतेक सारखेच असतात, वरचं झाकण तेवढं वेगळं. आत काय काय आहे तर लिंबाची बॅटरी, लंबक, पाण्याचा फिल्टर, लाल कोबीच्या पावडरचा इंडिकेटर (आम्ल आहे की नाही ते रंग बदलून सांगणारा), पिनहोल कॅमेरा आणि अर्थातच ज्वालामुखी. ज्वालामुखीशिवाय कुणाचा बॉक्सच पूर्ण होत नाही वाटतं!

बॉक्सवर लिहिलंय 'सहा विद्यार्थ्यांच्या गटासाठी'. अजिबात नाही. सहाजणांत दोघं काम करतात, एकजण लिहितो आणि उरलेले तिघं शेजारच्या बाकावर गप्पा मारतात. तीन, फार तर चार.

सगळ्यात आधी लिंबू, कारण सगळ्यात जास्त मजा तिथेच आली आणि सगळ्यात जास्त राग पण तिथेच आला. पुस्तिकेत म्हणतात दोन लिंबं घ्या, प्रत्येकात एक तांब्याची पट्टी आणि एक जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खुपसा, वायरने जोडा, लाल एलईडी पेटेल. नाही पेटत. एका लिंबाचे साधारण 0.9 व्होल्ट मिळतात, म्हणजे दोघांचे मिळून 1.8, आणि लाल एलईडीला जवळपास तेवढेच लागतात, पण कागदावर. एलईडी जोडला की व्होल्टेज पडतं कारण लिंबाचा आतला रोध खूप असतो, करंट जेमतेम मिलीअँपच्या आसपास. आठच्या आठ गटांचं काहीच पेटलं नाही आणि माझा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण मग जे झालं ते कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं. एकाने एलईडी उलटा करून बघितला (लांब पाय तांब्याच्या बाजूला पाहिजे, हे पुस्तिकेत कुठेही नाही!), एका गटाने एकाच लिंबात दोन जोड्या खुपसल्या आणि व्होल्टेज काही दुप्पट होईना, मग त्यांनी तेच लिंबू कापून दोन वेगळे तुकडे केले आणि मल्टिमीटरवर आकडा लगेच वर गेला. अर्धा तास त्यांची भांडणं चालली होती की असं का, लिंबू तर तेच आहे की. शेवटी चार लिंबं जोडून, खिडक्या बंद करून, डोळे एलईडीला चिकटवून बघितल्यावर मंद लाल ठिपका दिसला आणि जो आरडाओरडा झाला त्यावर शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. आणि हो, पुस्तिकेत 'लिंबातली ऊर्जा' असं छापलंय, ते चूक आहे, ऊर्जा येते जस्त विरघळण्याच्या रासायनिक क्रियेतून, लिंबाचं आम्ल म्हणजे मधला रस्ता. वापरलेले खिळे पुसून मुलांना दाखवा, पृष्ठभाग खडबडीत झालेला दिसतो.

लंबकाची गंमत वेगळी. पुस्तिकेत तक्ता आहे आणि त्यात उत्तरं आधीच भरलेली! एका गटाची रीडिंग्ज दशांशापर्यंत छापल्यासारखी आली, म्हटलं स्टॉपवॉच दाखवा बघू, तर ते पिशवीतून काढलेलंच नव्हतं. त्या दिवसापासून सगळ्या पुस्तिका माझ्या कपाटात. मग म्हटलं, 25 सेंटीमीटरच्या दोऱ्यावर 10 झोके साधारण 10 सेकंदात होतात, आता मला 20 सेकंद करून दाखवा, दोरा किती घ्याल? सगळा वर्ग एका सुरात पन्नास म्हणाला. पन्नासला 14 सेकंदांच्या आसपास येतात. पुढचा सगळा तास खोडरबर, नट, चाव्यांचा जुडगा असं काय काय लटकवण्यात गेला कारण वजन वाढवलं की झोका हळू होईल यावर त्यांचा ठाम विश्वास होता, आणि जड झालं तरी वेळ तोच येतो हे तिसऱ्यांदा मोजल्यावरच पटलं. उत्तर एक मीटर आहे, वेळ दुप्पट करायला लांबी चौपट. आणि बॉक्समधला दोरा फक्त 60 सेंटीमीटर! म्हणजे बनवणाऱ्यांनी स्वतः कधी हे करून बघितलंच नाही. आम्ही गोधडीचा दोरा आणून भागवलं.

फिल्टरवर मात्र खरंच तक्रार करायची आहे. वाळू, खडी, कोळसा यातून गढूळ पाणी स्वच्छ दिसतं, ठीक आहे, पण पुस्तिकेत थेट 'पिण्यायोग्य' लिहिलंय. असं सातवीच्या मुलाला सांगायचं? जंतू दिसत नाहीत म्हणजे नसतात असं नाही ना. मी मिठाचं पाणी त्याच फिल्टरमधून गाळायला लावलं, गाळलेले थेंब काचेच्या पट्टीवर वाळवले, पांढरा थर आला. मीठच आरपार गेलं. कंपनीला मेल केला, उत्तर आलं 'फीडबॅकबद्दल धन्यवाद'. बरं.

बाकी पटकन. कोबीचा इंडिकेटर छान आहे, आम्लात गुलाबी, साबणाच्या पाण्यात हिरवट-निळा, पण कालवलेलं पाणी दोन-तीन दिवसांत वास मारतं, त्याच दिवशी संपवा. पिनहोल कॅमेऱ्याचा पुठ्ठा इतका पातळ की बाजूने उजेड आत शिरतो, वरून काळा कागद चिकटवला तेव्हा कुठे उलटी खिडकी दिसली. ज्वालामुखी म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर, कार्बन डायऑक्साइडचा फेस, खऱ्या ज्वालामुखीशी याचा काहीएक संबंध नाही, पण सातवीतली मोठी झालेली पोरंसुद्धा तो तीनदा करायला लावतात, मी कशाला अडवू.

सामानाला चार, पुस्तिकेला एक. घरी आईबाबांनी रात्री जागून रंगवलेल्या थर्माकोलच्या मॉडेलपेक्षा हे शंभर पटीने बरं, त्यामुळे पुढच्या टर्मला अजून दोन बॉक्स मागवतेय. मागवणार असाल तर लाल एलईडी वेगळे जास्तीचे घ्या, मुलं थेट मोठ्या बॅटरीला लावून बघतात आणि पहिल्याच तासाला पाच उडतात.