ट्रेसी चॅपमनचा ‘क्रॉसरोड्स’: आधी दुसरी बाजू ऐका

अमेरिकी गायिका ट्रेसी चॅपमनच्या पहिल्या अल्बममधलं ‘फास्ट कार’ हे गाणं उचललं गेलं ते जून १९८८मध्ये, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर नेल्सन मंडेलांच्या सत्तरीनिमित्त झालेल्या कार्यक्रमात. गायक स्टीव्ही वंडर यांच्या यंत्रणेत ऐनवेळी घोळ झाला आणि चॅपमनला गिटार घेऊन पुन्हा मंचावर जावं लागलं. ऑक्टोबर १९८९मध्ये दुसरा अल्बम आला, ‘क्रॉसरोड्स’. निर्माता पहिल्या अल्बमचाच, डेव्हिड कर्शनबॉम. यावेळी जोडीला चॅपमन स्वतः. दहा गाणी, साधारण बेचाळीस मिनिटं. अल्बम ब्रिटनमध्ये पहिला आणि अमेरिकेत नववा आला, शीर्षकगीत मात्र अमेरिकी यादीत नव्वदाव्या क्रमांकावर अडकलं.

याचं कारण रचनेत आहे. ‘फास्ट कार’मध्ये गिटारचा एकच छोटा तुकडा (दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे पट्टीवर, कॅपो हा तारा दाबून धरणारा चाप, आणि सी मेजर सेव्हन, जी, ई मायनर, डी हे कॉर्ड) कडव्यामागून कडवं फिरत राहतो. ध्रुवपद बराच वेळ येत नाही, आणि येतं ते ड्रम्स घेऊनच. ‘क्रॉसरोड्स’मध्ये असा बांध कुठेच फुटत नाही. शीर्षकगीताचा विषय तर जबरदस्त आहे: आत्मा मागायला आलेला सैतान, आणि प्रसिद्धीनंतर आपल्यावर हक्क सांगणारे लोक. पण चाल एका पातळीवर येते आणि तिथेच थांबते.

पहिल्या बाजूची खरी अडचण ‘फ्रीडम नाऊ’ आणि ‘मटेरियल वर्ल्ड’. ‘फ्रीडम नाऊ’ मंडेलांसाठी आहे. ते तेव्हा तुरुंगातच होते, सुटले फेब्रुवारी १९९०मध्ये. हेतूबद्दल शंकाच नाही, पण गाण्यात घोषणा आहे, माणूस नाही. ‘फास्ट कार’मध्ये दारुडा बाप होता, दुकानातली नोकरी होती, तपशील होते म्हणून राजकारण न सांगता कळत होतं.

म्हणून सरळ सहाव्या गाण्यापासून, म्हणजे रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करा. ‘सबसिटी’त शहराच्या पोटात, सरकारी मदतीच्या कडेला जगणारी व्यक्ती स्वतः बोलते आणि थेट राष्ट्राध्यक्षांना टोमणा मारते. इथे चॅपमनची लेखणी पुन्हा धारदार होते. शेवटचं ‘ऑल दॅट यू हॅव इज युअर सोल’ तर अल्बमचा कळस. आईने दिलेला सल्ला, तो न ऐकल्याची किंमत, आणि साथीला गायक-गिटारवादक नील यंग. आवाज आणि तारा यांच्यामध्ये मोकळी जागा भरपूर, त्यामुळे हे हेडफोनवरच ऐकावं; स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर निम्मं हरवतं.

पूर्ण अल्बम विकत घ्यावा का? शब्द ऐकणाऱ्यांनी घ्यावा. चॅपमनचं ‘गिव्ह मी वन रीझन’ हे गाणं शोधत असाल तर ते इथे नाही, १९९५च्या ‘न्यू बिगिनिंग’वर आहे.