झेडबीमॅथ ओपन: 'हे आधीच कुणी केलंय का?' हे पाहायचं असेल तर

गणितातल्या पीएचडीत सगळ्यात महागात पडते ती एकच गोष्ट: दोन वर्षं खपून सिद्ध केलेलं प्रमेय चाळीस वर्षांपूर्वीच छापून आलेलं निघणं. हे टाळण्यासाठी झेडबीमॅथ ओपन, म्हणजे गणितातल्या निबंधांच्या नोंदी आणि परीक्षणांचं संकेतस्थळ, वापराच. मॅथसायनेट या अशाच दुसऱ्या संकेतस्थळाची वर्गणी सगळ्याच विद्यापीठांना परवडत नाही. हे मात्र २०२१पासून सगळ्यांना मोफत आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही. नोंदी थेट १८६८पासूनच्या आहेत.

पण नुसता विषयाचा शब्द टाकून शोधलंत तर फसाल. शरदचंद्र श्रीखंडे, बोस आणि पार्कर यांचा १९६०चा निबंध घ्या. लॅटिन चौरस म्हणजे अशी चौकट, जिच्या प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येतं; ओळींची संख्या हा तिचा क्रम. दोन चौरस एकावर एक ठेवल्यावर चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच आली तर ते ऑर्थोगोनल. क्रम १०, १४, १८… यांच्या ऑर्थोगोनल लॅटिन चौरसांची जोडी असूच शकत नाही, हा ऑयलरचा तर्क त्यांनी खोटा पाडला. आता गंमत अशी की अशा चौरसांच्या संचालाच कुणी 'ऑर्थोगोनल अ‍ॅरे' म्हणतं, कुणी 'ट्रान्सव्हर्सल डिझाइन', कुणी 'नेट'. तुम्ही 'लॅटिन चौरस' शोधत बसलात तर बाकीच्या नावांखाली झालेलं काम नजरेतून सुटतं.

म्हणून आधी विषयातला एक भक्कम निबंध उघडा आणि त्याच्या नोंदीतला वर्गीकरणाचा संकेतांक टिपून घ्या. लॅटिन चौरसांचा ०५बी१५. मग शोधचौकटीत रोमन अक्षरांत 'सीसी', कोलन आणि तो संकेतांक द्या. 'पीवाय' आणि कोलन टाकून वर्षांची मर्यादा घाला. यादी आली की मूळ निबंधाचा उल्लेख पुढे कुणी कुणी केलाय तेही उघडून बघा. वेगळ्या नावाखाली झालेलं काम बहुतेकदा इथेच हाती लागतं.

परीक्षणं हा इथला खरा ठेवा. चांगला परीक्षक मुख्य प्रमेय आणि त्याच्या अटी चार ओळींत सांगतो, चूक असेल तर तीही दाखवतो. मात्र बऱ्याच नोंदींवर लेखकाचाच सारांश चिकटवलेला असतो. तो परीक्षण समजून वाचू नका. जुनी परीक्षणं बरेचदा जर्मन किंवा फ्रेंचमध्ये असतात. पूर्ण निबंध इथे मिळत नाही, आणि ताजं काम यायला वेळ लागतो, त्यामुळे छापून येण्याआधीचे निबंध ठेवणारं अर्काइव्ह हे संकेतस्थळ वेगळं पाहावंच लागतं.

क्रम १० चे तीन परस्पर ऑर्थोगोनल चौरस असतात का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. अशा प्रश्नावर काम करणार असाल तर चारही नावांनी शोधा, शोधल्याची तारीख वहीत लिहा, आणि सिनॉप्सिस देण्याआधी तोच शोध पुन्हा चालवा.