आयर्नचं सलाईन घेतलं: औषध भारी, डे-केअर मात्र...

दोन वर्षं पाळीचा त्रास, हिमोग्लोबिन ७.४ वर आलं, जिना चढताना मध्येच पायरीवर बसायची वेळ. गोळ्या तीन महिने गिळल्या पण नुसती मळमळ नि पोट साफ नाही, शेवटी डॉक्टरच म्हणाले सोडा त्या, एफसीएम घेऊन टाका. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज असं लांबलचक नाव, १००० मिग्रॅ एकाच वेळी.

मी जरा टरकलेच, कारण धाकट्याच्या वेळी आयर्न सुक्रोज घेतलेलं, ते एका वेळी २०० मिग्रॅ, म्हणजे पोट घेऊन रिक्षाने पाच खेपा. मग हे एकदम हजार कसं चालतं? विचारलं, तर गंमतच कळली. दोन्ही औषधं म्हणजे नॅनोकण, मधे लोखंडाचा काही नॅनोमीटरचा गाभा नि भोवती साखरेच्या जातीचं कवच. लोखंड रक्तात मोकळं फिरलं तर अपाय करतं म्हणून कवच घातलेलं. सुक्रोजचं जरा ढिलं, लोखंड लवकर सुटतं, म्हणून थोडंथोडं द्यायचं. एफसीएमचं घट्ट, यकृत-प्लीहेतल्या पेशी तो कण अख्खाच गिळतात नि आत सावकाश लोखंड काढून घेतात. सगळी करामत त्या कवचाची! सलाईनमध्ये मिसळल्यावर कोऱ्या चहासारखं दिसतं, १५ मिनिटांत संपलं, मग रिअ‍ॅक्शन येते का बघायला अर्धा तास बसवलं. संध्याकाळी डोकं जड होतं, बाकी काही नाही. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.३.

आता डे-केअर, नाव लिहीत नाही. ११ ची वेळ दिलेली, बेड मिळाला सव्वा वाजता, ते पण चालवून घेतलं. पण सुई नीट बसली नव्हती, मी तीनदा म्हटलं सिस्टर इथे चुरचुरतंय, तर "होतं तसं काकू" म्हणाली नि परत मोबाईल (काकू! बेचाळीसची आहे मी). थोडं औषध कातडीखाली झिरपलं आणि कोपराच्या आत तपकिरी डाग पडला, चार महिने झाले तसाच आहे. हे औषध बाहेर झिरपलं की डाग पडतो नि महिनोन्‌महिने राहतो, हे रोज देणाऱ्यांना माहीत नको? तुम्ही घेणार असाल तर चुरचुरलं की लगेच सलाईन बंद करायला लावा, भीड ठेवू नका.

पाळीसाठी सोनोग्राफी सांगितलीय. परत डोस लागला तर आधी फॉस्फरस तपासू म्हणाले, ह्याने काहींचा उतरतो म्हणे. घेईन, पण दुसरीकडे.