नऊ महिने, एक छोटा रेडिओ आणि ७९२

हा रेडिओ आला त्याच संध्याकाळी मी तो परत पाठवायला निघाले होते. खोक्याला चिकटपट्टीसुद्धा लावून झाली होती. कारण साधं: सासऱ्यांसाठी, म्हणजे अप्पांसाठी घेतला आणि त्यांना हवं ते एकमेव स्टेशन त्यात लागेना.

आम्ही फलटणला राहतो. अप्पांचं वय ८२. त्यांचा जुना दोन बँडचा ट्रान्झिस्टर गेल्या उन्हाळ्यात कायमचा बसला. दुरुस्त करणाऱ्याने उघडून पाहिला आणि म्हणाला, "काकू, गँग गेलाय, आता कुठं मिळायचा?" गँग म्हणजे स्टेशन लावायचा आतला भाग. मग जूनमध्ये ऑनलाइन हा डिजिटल सेट मागवला. एफएम, मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह, किंमत २,८०० रुपये. कंपनीचं नाव देत नाही, कारण असले सेट चार-पाच नावांनी विकले जातात आणि आतून बहुतेक सारखेच असतात.

अप्पा म्हणाले, "सातशे ब्याण्णव लाव." म्हणजे मीडियम वेव्हवरचं आकाशवाणी पुणे. मी बटण दाबत गेले. ७८०, ७९०, ८००. मधे काही थांबेना. ७९०वर लांबून कुणी कांबळं पांघरून बोलावं तसा आवाज. अप्पा काही बोलले नाहीत, पण उठून गॅलरीत गेले. ते गॅलरीत गेले की समजायचं.

रात्री पुण्याहून मुलाचा फोन आला, त्याने उलगडा केला. आपल्याकडे मीडियम वेव्हची स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत, अमेरिकेत १०-१०च्या. सेट १०वर ठेवून आला होता. नऊने भागून बघा: मुंबईचं ५५८, नागपूरचं ५८५, पुण्याचं ७९२, सगळी नि:शेष भागली जातात. सेट बंद असताना एक बटण दाबून धरलं की ९ होतं. केलं, आणि ७९२ लागलं. माहितीपत्रकात हे बारीक इंग्रजी अक्षरात होतं म्हणे. असला सेट घेणाऱ्यांनी सगळ्यात आधी हे बघा. "काही लागत नाही" म्हणून लोक परत पाठवतात, त्यातले निम्मे तरी यातच अडकत असतील असा माझा अंदाज.

अप्पांना आकडा पाठ असणं मला तेव्हा गमतीचं वाटलं. त्यांना मीटरसुद्धा, म्हणजे त्या लहरीची लांबी, पाठ आहेत, ३७८.८. पुणे केंद्र १९५३ सालचं, अप्पा तेव्हा दहा वर्षांचे. आळीत एकच रेडिओ होता, किराणा दुकानात, आणि वीज नव्हतीच. वाणसामानाच्या पुड्याएवढी कोरडी बॅटरी लावायची. १९५५च्या रामनवमीला गीतरामायण सुरू झालं, वर्षभरात ५६ गाणी झाली, ही गोष्ट सगळ्यांनाच माहीत आहे. लोक रेडिओला हार घालायचे हेही आपण ऐकतो. अप्पांची आठवण वेगळी आहे: "सगळी कुठली ऐकतोय? बॅटरी उतरायची. एकदा ऐन गाण्यात उतरली. नवी येईपर्यंत दोन आठवडे गेले."

पुढे नोकरी लागल्यावर त्यांनी स्वतःचा ट्रान्झिस्टर घेतला, भोकाभोकांचं चामडी कव्हर असलेला. त्याचं लायसन्सचं पुस्तक अजून ट्रंकेत आहे, पोस्टात जाऊन पैसे भरल्याच्या खुणांसकट. आवाज ऐकण्याचं लायसन्स! माझ्या मुलाला हे खरं वाटेना. बुधवारी रात्री आठला सिलोनवर, म्हणजे श्रीलंकेच्या रेडिओवर, सिनेमाच्या गाण्यांची बिनाका गीतमाला. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. त्याचा फायदा रेडिओ सिलोनला आणि बिनाका सादर करणाऱ्या अमीन सयानींना झाला. मग १९५७मध्ये विविध भारती काढावी लागली. केसकर मराठी माणूस, ही गोष्ट अप्पा दर वेळी जरा खजील होऊन सांगतात, जणू काही आपल्याच भावकीतला कुणी चुकला.

आता सेटबद्दल. एफएमला आवाज स्वच्छ, लहान स्पीकरच्या मानाने भरदार. बॅटरी जुन्या नोकिया फोनमधली बीएल-५सी. चार्ज केली की रोज तीन-चार तास लावून आठवडा जातो. फोन दुरुस्तीवाल्याकडे अजून मिळते, हा मोठा गुण. बटणं मात्र बारीक, अप्पांच्या बोटांना दोन-दोन एकदम लागतात. मी ७९२च्या बटणावर टिकलीचा ठिपका चिकटवला. पडदा उन्हात दिसत नाही. चार्जिंगचा सॉकेट पाचव्या महिन्यात सैल झाला. वॉरंटी होती, पण पाठवायचं तर खर्च आपला आणि तीन आठवडे रेडिओविना. शेवटी गावातच ऐंशी रुपयांत डाग देऊन घेतला.

खरी अडचण सेटची नव्हतीच. मीडियम वेव्ह लावलं की हॉलमध्ये घूंऽऽ असा एकसुरी आवाज. आधी वाटलं, स्टेशनच क्षीण. मग एके दिवशी मी हॉलचा एलईडी दिवा बंद केला आणि घूं अर्धा झाला. फोनचा चार्जर काढला, आणखी कमी. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, वायफायचा अडॅप्टर, प्रत्येकाचा आपापला सूर. ही सगळी उपकरणं आतल्या आत विजेची फार वेगाने उघडझाप करतात आणि तो सगळा कचरा मीडियम वेव्हवर येऊन पडतो. पूर्वी घरात दोन पिवळे बल्ब आणि एक पंखा. रेडिओला त्रास देणारं काही नव्हतंच. पुण्याहून शंभर-एक किलोमीटरवर येणारं स्टेशन आमच्याच दिवाणखान्यात बुडत होतं.

दुसरं शिकले ते दिशेचं. मीडियम वेव्हला वरची दांडी ओढून उपयोग नाही, ती एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी. आत एक काळा फेराइटचा रूळ आडवा असतो, तो पकडतो. म्हणून अख्खा सेट फिरवायचा. अप्पा तो स्टुलावर ठेवून एकेक बोट सरकवत फिरवतात, तव्यावरची भाकरी फिरवावी तसा. जागा सापडली ती गॅलरीच्या कठड्यापाशी. आता तिथे खडूची खूण आहे, आणि सकाळी सातनंतर प्रादेशिक बातम्यांना कुणी तिथे पाय ठेवायचा नाही.

ऑक्टोबरात परतीच्या पावसात एका संध्याकाळी अख्ख्या भागाची लाइट गेली. विजा लांब होत्या, प्रत्येक विजेला रेडिओ कड्डकन वाजायचा, पण मधल्या वेळात ७९२ इतकं निर्मळ की बोलणाऱ्याचा श्वास ऐकू यावा. अप्पांनी आकडा हळूच खाली सरकवला. अंधार पडला की मीडियम वेव्ह आकाशातून परावर्तित होऊन लांब जाते, हे मी शाळेत शिकले होते, ऐकलं त्या दिवशी. ७६५वर धारवाड, कानडी गाणं. मग तमिळ, मग कुठलं तरी गुजराती. शेजारच्या वहिनी मेणबत्ती घेऊन आल्या आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. तासाभराने लाइट आली आणि पुन्हा घूंऽऽ. अप्पा म्हणाले, "आली का मेली."

मुलाचं म्हणणं, हे सगळं कशाला? ॲपवर आकाशवाणीची दोनशेवर स्टेशनं खरखरीशिवाय मिळतात. खरं आहे. मी स्वयंपाक करताना ॲपच लावते आणि दुपारी पॉडकास्ट. पण ॲप मागून चालतं. एकदा दोन्ही शेजारी ठेवले, तर रेडिओवर वेळेचे टीप-टीप होऊन बातम्या सुरू झाल्या आणि अर्ध्या मिनिटाने फोनवर टीप-टीप. अप्पा रेडिओच्या टीप-टीपवर घड्याळ लावतात. त्यांनी फोनकडे असं पाहिलं की बस. फोनमधला एफएम चालू ठेवा असं सरकारने २०२३मध्ये कंपन्यांना सांगितलं होतं, पण त्याला अँटेना म्हणून वायरचा इअरफोन लागतो, आणि माझ्या फोनला ते भोकच नाही.

पुण्यात मुलगा खासगी एफएम ऐकतो, तेही रिक्षात बसला तर. या वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. म्हणून गाणं, जाहिरात, आरजेची चेष्टा, पुन्हा जाहिरात. मला त्यात गाव दिसत नाही. गाव दिसलं ते म्हसवडला. सिद्धनाथाच्या यात्रेला गेलो तेव्हा हा सेट पिशवीत होता. ९०.४वर माणदेशी तरंग लागलं, २००८पासून चालू असलेला सामुदायिक रेडिओ. एक बाई शेळ्यांच्या आजाराबद्दल आमच्या सासूबाई बोलायच्या त्याच हेलात बोलत होत्या. परतीच्या गाडीत पंधरा-वीस किलोमीटरवर आवाज विरला. या केंद्रांची ताकद तेवढीच ठेवलेली आहे.

शॉर्ट वेव्हसाठी मात्र कुणी हा सेट घेऊ नये. अप्पा बीबीसी हिंदी शोधत राहिले. ती शॉर्ट वेव्हवर २०२०च्या जानेवारीतच थांबली. सिलोनच्या जागी नुसती शीळ. मीडियम वेव्हही किती दिवस? आकाशवाणीने डिजिटल रेडिओची यंत्रं बसवली, पण ते ऐकणारा सेट बाजारात सहज मिळत नाही आणि मिळाला तर महाग. माझं मत विचाराल तर सकाळच्या बातम्या आणि गाणी एवढंच हवं असेल तर साधा हजाराचा एफएम पुरे. घरात ७९२ म्हणणारं कुणी असेल तर हा घ्या, आणि सोबत एक जागा रिकामी करून द्या.

गेल्या आठवड्यात दुसरा सेट मागवला, हुबळीच्या वन्संसाठी. अप्पांनी तो उघडला, काही न विचारता बटण दाबून धरलं, ९ झाल्याची खात्री केली आणि मग खोक्यात ठेवला. वर चिठ्ठी घातली: "दिवसा धारवाड ऐक. रात्री दिवे घालवून ७९२ लागतं का बघ आणि कळव."