जनगणनेची जुनी पानं वाचायचा कोर्स, चारपैकी तीन स्टार

वहिनी अमेरिकन आहे, तिच्या खापरपणजीचं घर शोधून देते असं मी जोशात कबूल करून बसले आणि मग हा तिकडच्या जुन्या जनगणनेची पानं वाचायला शिकवणारा ऑनलाइन कोर्स घेतला. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारपण आहे.

सगळ्यात भारी १९०० चा धडा, पाऊण तास एकाच पानावर! त्या साली जन्माचा महिना-वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला मुलं किती झाली आणि त्यातली हयात किती, सगळं विचारलेलं. मी तोवर नाव-वय बघून पान बंद करायचे. परत जाऊन बघितलं तर खापरपणजीच्या ओळीत सात, शेजारी चार. म्हणजे तीन पोरं गेली. आणि ती कुठल्याच यादीत नाहीत, कारण १८८० नंतर जन्मून १९०० च्या आत गेलेलं मूल सापडलंच तर १८९० च्या जनगणनेत, आणि ते कागद १९२१ साली वॉशिंग्टनच्या आगीत सापडले, उरलेसुरले नंतर नष्ट केले. वहिनीला फोन करायला दोन दिवस लावले मी.

खापरपणजीच्या नवऱ्यापुढे नागरिकत्वाच्या कॉलममध्ये 'पीए' होतं. मला वाटलं कुणा साहेबाचा पीए असेल 😄 तर अर्थ असा की नागरिकत्वाचे पहिले कागद भरलेत, अजून मिळालेलं नाही.

आता तक्रार. हीच बाई १९०० ला ३८ आणि १९१० ला ४५, दहा वर्षांत सातच वर्षांनी म्हातारी झाली. दारात आलेल्या माणसाला माहिती दिली कुणी, तिने, पोराने की शेजारणीने, हे त्या पानांवर नसतंच, १९४० ला कुठे सांगणाऱ्याच्या नावापुढे गोलात फुली यायला लागली. हे खरं तर पहिल्या धड्यात हवं, इथे शेवटी दोन मिनिटांत गुंडाळलंय. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यापण तशाच उरकल्यात, मालकाच्या नावाखाली नुसतं वय, लिंग, रंग, नावाचा पत्ता नाही, त्यातून कुणी आपला माणूस शोधायचा कसा यावर एक शब्द नाही.

आणि घेणार असाल तर ऑटो-रिन्यू आधी बंद करा, माझे पैसे दोनदा कापले, मेल केला की 'बघतो' म्हणतात.